मशीनच्या तक्रारी आणि विमलची लाल पेन्सिल

आपल्या जयपूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकबाईंचा फोन आला. "काका, इतकी वर्षं कॉम्प्युटरवर काम केलंत, काहीतरी लिहा ना. पण जरा सकारात्मक असू द्या हं." मी म्हटलं, सकारात्मक लिहायला मंडळात बँकेचे आणि विम्याचे साहेब भरपूर आहेत. प्रत्येकानं कुठल्या ना कुठल्या शाखेचा उद्धार केलेला आहे. मी आठवी पास माणूस. मी कशाचाच उद्धार केला नाही. मी मशीनच्या तक्रारी गोळा करायचो. त्या कोणी वाचत नव्हतं, तरी त्या नीट गोळा झाल्या पाहिजेत यावर सगळ्यांचं एकमत होतं.

तरी लिहायला बसलो, त्याचं कारण वेगळं आहे. कानोत्याच्या धरणावर आपली सहल जायची तेव्हा जेवणं झाली की फर्माईश व्हायची, "काका, तो काकूंचा मेमोचा किस्सा सांगा." मग मी सांगायचो. माझ्या अख्ख्या नोकरीत मला एकच मेमो मिळाला आणि तो बायकोमुळे मिळाला, कारण तिला कागदावरची एक ओळ दिसली नाही. सगळे हसायचे. विमलही हसायची आणि पत्रावळी गोळा करायला उठायची.

विमल जाऊन या दिवाळीला दहा महिने होतील. तो किस्सा खोटा आहे. सांगत होतो तेव्हा मला माहीत नव्हतं, आता माहीत झालं. ज्यांनी ज्यांनी तो ऐकला आणि हसले, त्यांनी हे वाचावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. संपादकबाईंनी यातलं काही गाळू नये.

आधी काम काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं कार्यालय म्हणजे बियाण्यांचं सरकारी शीतगृह. नाव लिहीत नाही, तिथले काही जण अजून नोकरीत आहेत आणि त्यांना बढती मिळायची आहे. गावोगावचं जुनं बियाणं, बाजरी, मोठ म्हणजे आपली मटकी, गवार, तीळ, पाकिटांत बंद करून चार अंशाच्या खोल्यांत ठेवायचं. मे महिन्यात बाहेर जयपूर भाजून निघायचं आणि आत बाजरी स्वेटरच्या थंडीत झोपलेली असायची. सरकारनं माणसांची एवढी काळजी घेतलेली मी पाहिली नाही. मी नागपूरहून बदली होऊन शिपाई म्हणून आलो. कॉम्प्युटरच्या खोलीला एक शिपाई हवा होता. एसी चालू करणे, धूळ पुसणे आणि साहेबांना बाहेर चपला काढायला लावणे, ही तीन कामं. तिसरं मला शेवटपर्यंत जमलं नाही.

तिथे माथुरजी म्हणून प्रोग्रामर होते, माणूस सज्जन. त्यांनी मशीनसाठी स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. स्क्रिप्ट म्हणजे कामाची यादी. दर अर्ध्या तासाला मशीननं प्रत्येक खोलीतल्या थर्मामीटरला विचारायचं, बाबा तुझ्याकडे किती अंश, आणि येईल ते उत्तर लिहून ठेवायचं. धूळ पुसता पुसता मी विचारत राहायचो आणि ते सांगत राहायचे. एक दिवस म्हणाले, "भाऊ, प्रोग्राम के दो मुँह होते हैं. एक से जवाब देता है, दूसरे से शिकायत करता है."

मला हे एकदम पटलं. घरोघरी हेच असतं. फक्त दोन्ही तोंडांचं बोलणं एकाच स्क्रीनवर येतं, म्हणून पाहणाऱ्याला वाटतं एकच तोंड आहे. जवाबाच्या तोंडाला आकडा एक, तक्रारीच्या तोंडाला आकडा दोन. शाळेत 'पेक्षा मोठा' म्हणून जी चोच शिकवतात, ती कमांडच्या शेवटी दोनच्या आकड्यापुढे काढायची आणि पुढे फाईलचं नाव लिहायचं: 2> असं. मग तक्रारी स्क्रीनवर येत नाहीत, गुपचूप त्या फाईलमध्ये जाऊन बसतात. एवढीच विद्या. या विद्येवर मी शिपायाचा ऑपरेटर झालो.

आणि मशीनमध्ये एक खड्डाही असतो. फाईलच्या नावाऐवजी त्या खड्ड्याचं नाव लिहिलं की तक्रार त्यात जाते आणि नाहीशी होते. ना आवाज, ना डाग. पुढे कार्यालयाचा कारभार पाहिल्यावर मला वाटायचं, तो खड्डा आमच्याच लोकांनी शोधला असावा.

माथुरजींची बदली झाली आणि चतुर्वेदी साहेब आले. आल्या आल्या स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, "ये बीच-बीच में क्या आ रहा है?"

"शिकायत है, सर. दो नंबर कमरे का दरवाज़ा ठीक से बंद नहीं होता."

"दरवाज़ा छोड़िए. शिकायत बंद कीजिए. सोमवार को दिल्ली से टीम आ रही है."

मी शिकायत बंद केली. सगळ्या खड्ड्यात सोडल्या. सोमवारी टीम आली, स्क्रीनवर नुसते स्वच्छ चार, चार, चार. टीमच्या मुख्य माणसानं साहेबांच्या पाठीवर थाप मारली. टीम गेल्यावर मी विचारलं, "सर, अब वापस चालू कर दूँ?" साहेब म्हणाले, "रहने दो. अच्छा लग रहा है."

चार महिने अच्छा लागत राहिलं. मग कुणीतरी दोन नंबरची खोली उघडली. दरवाज्याच्या फटीतून आत शिरलेल्या दमट हवेचं बर्फ झालं होतं, पंखे त्यात गाडले गेले होते आणि तिळाची पाकिटं फोडून काढायला हातोडी लागली. हे कधीपासून चाललंय, कोणीच सांगू शकेना, कारण सांगणाऱ्याचं तोंड मी दाबलं होतं. अर्थात हुकमानं. साहेबांनी नवा हुकूम काढला, यापुढे सगळ्या तक्रारी जपून ठेवाव्यात.

मी खड्डा काढून फाईल लावली. पंधरा दिवस फाईल उघडून पाहायचो तर आत एखाददुसरीच ओळ. मला वाटलं मशीन सुधारलं. माथुरजींना फोन करून फुशारकी मारली. ते फोनवर इतके हसले की मला राग आला. "भाऊ, एक चोंच लगाई है ना? एक चोंच पुराना मिटाकर नया लिखती है. दो लगाइए." म्हणजे दर अर्ध्या तासाला माझी फाईल आधीचं सगळं पुसून नव्यानं जन्म घेत होती. मी दोन चोची काढल्या, 2>> अशा. तेव्हापासून मशीनची एकही तक्रार हरवली नाही. हे मी छाती ठोकून सांगू शकतो. हरवलं ते पुढे, माणसांकडे आल्यावर.

साहेबांना स्क्रीनवरचं काही खरं वाटायचं नाही. खरा कागद. म्हणून नियम झाला की रोज संध्याकाळी पाच वाजता दिवसभराच्या तक्रारींचा प्रिंट काढायचा, त्या हिरव्या पट्ट्यांच्या, दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांब कागदावर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याखाली मी लिहायचं 'देखा', सही आणि तारीख. मग हेडक्लार्कनं 'देखा'. मग साहेबांनी 'देखा'. मग कागद पुठ्ठ्याच्या फाईलला लावायचा. 'नहीं देखा' लिहायची कुठे सोय नव्हती.

आता माझी अडचण. तक्रार इंग्रजीत. माझं इंग्रजी 'यस सर' पाशी संपतं. पण विमल मॅट्रिक होती, इंग्रजी घेऊन. लग्नात तिच्या वडलांनी हे चारदा सांगितलं होतं. आमचं घर बनी पार्कला, एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्या. मी संध्याकाळी प्रिंट पिशवीत घालून घरी न्यायचो. चहा झाला की विमल स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद पसरायची, लाल पेन्सिल घ्यायची.

"काय म्हणते आज मशीन?" मी विचारायचो.

"रडून राहिलं जी. त्याच त्या दरवाज्यासाठी."

"अजून?"

"अजून. तुमच्या साहेबाले सांगा, दोन बिजागऱ्या आणून मीच लावून देते म्हणा."

तिची एक रीत होती. प्रत्येक शब्दाचा अर्थ तिलाही लागायचा नाही. पण काल होती ती ओळ आज पुन्हा आली तर ती ओळीच्या सुरुवातीला बारीकशी बरोबरची खूण करायची. जी ओळ आधी कधीच आली नाही तिच्याखाली दोन रेघा. सकाळी मी कागदावर फक्त दोन रेघा शोधायचो. असल्या तर वरची ओळ चिठ्ठीवर उतरवून हेडक्लार्कला द्यायचो. नसल्या तर 'देखा'. म्हणजे मी तक्रारी वाचत नव्हतो, विमलच्या रेघा वाचत होतो. हे कार्यालयात कुणालाच माहीत नव्हतं. ऑपरेटर फार बारकाईनं पाहतो, अशी माझी ख्याती झाली.

एकदा तिनं दोन रेघा मारल्या आणि शब्दकोश काढला. "जागा संपत आली म्हणते. कोणाची जागा?" सकाळी चिठ्ठी दिली. मशीनच्याच पोटातली जागा संपत आली होती, आणखी दोन दिवसांत सगळ्या नोंदी बंद पडल्या असत्या. दिल्लीहून साहेबांना शाबासकीचं पत्र आलं. मी विमलला घेवर आणलं.

"साहेबाले पत्र अन् मले घेवर?" ती म्हणाली. "बरं हाये. पत्र खाता येत नाही."

आमच्याकडे एक चमत्कारिक गिऱ्हाईकही होतं. रामधनजी. कानोत्याकडच्या एका ढाणीतला, म्हणजे शेतातल्या वस्तीतला, म्हातारा. त्यानं त्याच्या आईच्या वेळचं बाजरीचं बियाणं आमच्याकडे ठेवायला दिलं होतं. बाकीचे लोक बियाणं देऊन विसरायचे. हा दरवर्षी फेटा बांधून भेटायला यायचा, जसं वसतिगृहात पोराला भेटायला जावं. मशीनच्या खोलीत येऊन (चपला बाहेर काढून, साहेबांपेक्षा शहाणा) विचारायचा, "म्हारो बाजरो राजी छै?" म्हणजे माझी बाजरी खुशाल आहे ना? मी त्याला चार नंबरच्या खोलीसमोरचा आकडा दाखवायचो. तो स्क्रीनला बोट लावून पाहायचा, गार लागतं का म्हणून. आकडा चार असला की समाधानानं जायचा.

आता मेमोचं. जसं सहलीत सांगायचो तसं नाही, जसं घडलं तसं.

त्या वर्षी विमल म्हणायला लागली की ओट्यावर उजेड कमी पडतो. कागद खिडकीशी नेऊन, गजाला टेकवून, डोळ्यांजवळ धरून वाचायची, मग ओट्यावर आणून खुणा करायची. मी म्हटलं उजेड कमी तर उजेड वाढवू. साठचा बल्ब काढून शंभरचा लावला. पुन्हा म्हणाली कमी पडतो. ट्यूबलाईट लावली. पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, आता काय सूर्य टांगू? तेव्हापासून म्हणाली नाही. मी समजलो ट्यूबलाईटनं काम झालं.

मे महिन्यात चार नंबरच्या खोलीची वीज गेली. एका खोलीचीच, बाकी इमारतीत झगझगाट. थंड करणारं यंत्र बंद, थर्मामीटरही बंद. आणि माथुरजींच्या स्क्रिप्टमध्ये एक खोट होती. थर्मामीटरनं उत्तर दिलं नाही तर ती मागचंच उत्तर पुन्हा दाखवायची. त्यामुळे स्क्रीनवर चार, चार, चार. फक्त दुसऱ्या तोंडानं ती सांगत होती की चार नंबर बोलत नाही. ती ओळ बरोबर फाईलमध्ये गेली, बरोबर कागदावर आली. दरवाज्याच्या शंभर रडगाण्यांमध्ये एक नवी ओळ.

त्याच दिवसांत विमलनं मला विचारलं होतं, "त्या खोलीचं केलं का काही त्यांनी?" मी म्हटलं, "कळवलंय." मला वाटलं दरवाज्याबद्दल विचारतेय. दरवाज्याबद्दल मी दर महिन्याला कळवायचो.

अकराव्या दिवशी चौकीदाराला वास आला. खोली उघडली. भिंतींना पाणी सुटलेलं, पाकिटं भिजून फुगलेली, बुरशी. बियाणं उगवतं का ते तपासलं, भिजवून टोपलीत ठेवलं. रामधनजींच्या बाजरीतला एक दाणा उगवला नाही.

चौकशी बसली. दिल्लीहून तीच थाप मारणारी टीम. फाईल उघडली. तक्रारींच्या नोंदीला साहेब लॉग म्हणायचे. म्हणाले, "लॉग में है." टीम म्हणाली, "है." "किसी ने देखा?" तिघांच्या सह्या होत्या. तीन 'देखा'. साहेबांचा देखा मोठा असल्यामुळे तो वाचला, हेडक्लार्कचा मधला होता, तोही वाचला. मेमो सगळ्यात खालच्या देखाला मिळाला. हा न्याय मला मान्य आहे. वाचायचं काम माझंच होतं.

मी घरी आलो. मंजू, आमची मुलगी, कॉलेजातून आलेली, शेजारच्या भाभीजी बसलेल्या. त्यांच्यादेखत मी विमलवर ओरडलो. "एवढी ओळ दिसली नाही तुला? डोळे फुटले होते का?"

विमल म्हणाली, "मी खूण केली होती जी."

"कुठंय खूण? मी सकाळी पाहिला ना कागद. ओळीखाली काही नाही."

विमल म्हणाली, "नसंल मग." आणि पेन्सिल उचलून मसाल्याच्या डब्यामागे ठेवून दिली. त्यानंतर मी कधी प्रिंट घरी आणला नाही. तिनं कधी मागितला नाही. पुढची वर्षं मी न वाचता, नुसता 'देखा' लिहीत राहिलो, आणि कोणाच्याही काही लक्षात आलं नाही.

त्या पावसाळ्यात रामधनजी आले. मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि खरं ते सांगितलं. म्हटलं, शिव्या द्या. म्हातारा बराच वेळ फेट्याशी खेळत बसला. मग म्हणाला, "आधो बाजरो घर में मटका में छै, बाबूजी. सरकार को भरोसो छो, पण मटको थोड़ी फोड़ देतो." हसला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. चौकशीत सात माणसं आणि दोन गाड्या लागल्या होत्या. बाजरी वाचवली मडक्यानं.

मग तो किस्सा तयार झाला. पहिल्यांदा सांगितला तेव्हा माझा राग होता, लोक हसले, मग राग गेला आणि किस्सा राहिला. सहलीत विमल पानं वाढताना वाटीच्या बाजूला आमटी वाढायची, तेव्हाही कोणी म्हणायचं, "काकू, ओळ चुकली!" आणि मी सगळ्यात मोठ्यानं हसायचो.

मी रिटायर झालो. दीड वर्षानं विमल पायरी चुकून पडली. हाड मोडलं नाही, पण दवाखान्यात रक्त तपासलं तर साखर भयंकर. डॉक्टरनं तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि मला विचारलं, "इनको कब से कम दिख रहा है?"

मी म्हटलं, "नहीं जी, आँखें तो इनकी बढ़िया हैं."

विमल स्टुलावर बसून भिंतीकडे पाहत होती. डॉक्टर म्हणाले साखर आजची नाही, बऱ्याच वर्षांची आहे, डोळे आधी गेले, आता किडनीही गेली. मी तिला विचारलं, सांगितलं काहून नाही? ती म्हणाली, "सांगितलं तं होतं. तुम्ही बल्ब लावला." त्यानंतर ती तीन वर्षं जगली. होईल तितका कोणाला त्रास न देता.

आता शेवटचं. कार्यालयात नियम होता की ठरावीक वर्षं झाली की फाईली रद्दीत काढायच्या. माझ्या शेवटच्या वर्षी तक्रारींच्या फाईली निघाल्या. तो कागद जाड, मागून कोरा. मी दोन गठ्ठे घरी आणले. विमलनं ते कापून स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर डब्यांखाली अंथरले, छापील बाजू खाली. एवढ्या लढाईच्या कागदाचं शेवटी हे झालं, यावर मी एक विनोदही केला होता.

मागच्या महिन्यात मंजू जवाहर नगरहून आली, दिवाळीची साफसफाई करायला. तिचं मराठी निम्मं हिंदी. फळ्यांवरचे कागद ओढत म्हणाली, "बाबा, हे सगळं फेकून देऊ ना? कितने साल पुराना है." एक कागद उलटा झाला. "आणि हे लाल-लाल काय आहे?"

मी म्हटलं, "तुझ्या आईच्या खुणा."

"पण हे तर, मतलब, लाईनवर नाहीच आहे."

मी चष्मा आणला. खरंच नव्हत्या. मग मी सगळ्या फळ्यांवरचे कागद काढायला लावले आणि स्वयंपाकघरात जमिनीवर तारखेप्रमाणे मांडले. मंजूला वाटलं बापाचं डोकं फिरलं. सुरुवातीच्या कागदांवर खुणा अगदी ओळीच्या डोक्यावर, सरळ, मोत्यासारख्या. वर्षभरानंतर त्या ओळीच्या जरा खाली. मग दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात. मग कुठे ओळ आणि कुठे खूण. काही खुणा कडेच्या भोकांवर जाऊन पडलेल्या. पण मोजल्या तर प्रत्येक कागदावर जितक्या ओळी तितक्याच खुणा. एकही कमी नाही. खिडकीशी जाऊन एक एक ओळ डोळ्याला लावून वाचायची, आणि ओट्यावर येऊन अंदाजानं खूण करायची. ट्यूबलाईटखाली.

हे कागद रोज सकाळी माझ्या हातात येत होते. तिचे डोळे कसे गेले त्याचा दिवसवार हिशेब मशीनच्या तक्रारींच्या शेजारी लाल पेन्सिलीनं लिहिलेला होता. मी स्वतः तो फाईलला लावत होतो.

मग मी मे महिन्यातला तो कागद शोधला. तो तेलाच्या बरणीखाली होता, एका कोपऱ्याला गोल डाग पडलेला. चार नंबरची ओळ कागदाच्या मधोमध, त्या दिवसाची शेवटची. ओळीखाली काही नाही. मी म्हटलं होतं तसंच. पण दोन बोटं खाली, कोऱ्या जागेत, दोन रेघा होत्या. जाड, दाबून मारलेल्या, कागद फाटेल इतक्या. त्या सबंध कागदावर दोन रेघा तेवढ्या एकाच ठिकाणी. मला ती सकाळ आठवली. मी त्या रेघा पाहिल्या होत्या. त्यांच्या वर ओळ नव्हती, म्हणून समजलो पेन्सिलीचं टोक पाहायला मारल्या असतील. नजर दोन बोटं वर नेली असती तर पुरे होतं.

मंजू जवळ येऊन बसली. "मतलब, आईनं पाहिलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही त्यांना सगळ्यांच्या समोर..." तिचं मराठी तिथे संपलं. ती उठून बाहेर गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबर केलं तिनं.

तेव्हा मंडळाच्या लोकांनो, तो किस्सा आजपासून बंद. विमलनं ओळ पाहिली होती. खूणही केली होती. विचारलंही होतं की खोलीचं काय झालं. चुकली ती माझी नजर, जी चांगली होती, आजही आहे, डॉक्टरांनी या वयात शाबासकी दिली. बाकीचे कागद मंजूनं पुन्हा फळ्यांवर अंथरले, छापील बाजू वर. हा एक मी ठेवला आहे. ज्यांना पाहायचा त्यांनी बनी पार्कला घरी यावं, चहा मी करतो. ओळ मधोमध आहे. खाली दोन बोटांवर तिच्या दोन रेघा आहेत. आणि त्या रेघांना अगदी चिकटून, माझ्या अक्षरात, तारखेसकट, सहीसकट, लिहिलेलं आहे: देखा.